मधुमेह आणि दारू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती टाइप १ आणि टाइप २ मधुमेह असलेल्यांसाठी आहे, आणि तितकीच त्यांच्या घरच्यांसाठी व सोबत बसणाऱ्या मित्रांसाठी. शुगरचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या मापात आहेत. औषधाचा डोस बदलायचा असेल तर तो तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच बदला, कारण तुमची किडनी, लिव्हर आणि इतर औषधे त्यांनाच माहीत असतात.

दारूने शुगर वाढते की कमी होते?

दोन्ही होते, पण वेगवेगळ्या वेळी. बिअर, गोड वाइन किंवा कोल्ड्रिंक मिसळलेल्या पेगमधले कर्बोदक रक्तात उतरते तेव्हा पहिल्या तास-दोन तासांत शुगर वर जाते. पुढे काही तासांनी, बहुतेक वेळा झोपेत किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, ती खाली येते. सगळा घोटाळा या वेळेच्या फरकामुळे होतो. रात्री अकराला मीटरवर २१० दिसतात, माणूस निर्धास्त होतो किंवा इन्सुलिनचा जादा डोस घेतो, आणि पहाटे चारला शुगर ५० वर आलेली असते.

शुगर खाली का येते? दारूत इन्सुलिनसारखे काही असते का?

नाही. दारू साखर जाळत नाही आणि इन्सुलिनचे कामही करत नाही. ती लिव्हरला अडकवून ठेवते.

आपण जेवत नसतो त्या वेळी, म्हणजे रात्रभर आणि दोन जेवणांच्या मध्ये, रक्तातली साखर टिकवण्याचे काम मुख्यतः लिव्हर करते. मोठ्या माणसाचे लिव्हर विश्रांतीच्या वेळी तासाला साधारण ८ ते १० ग्रॅम ग्लुकोज रक्तात सोडते. हे ग्लुकोज दोन ठिकाणांहून येते. एक म्हणजे साठवलेले ग्लायकोजेन. त्याचा साठा सुमारे १०० ग्रॅमच्या आसपास असतो आणि दिवसभराच्या उपाशीपणाने तो जवळजवळ संपतो. दुसरे म्हणजे नव्याने बनवलेले ग्लुकोज, ज्यासाठी लिव्हर लॅक्टेट, अमिनो आम्ले आणि ग्लिसरॉल वापरते.

दारू या दुसऱ्या वाटेवर घाव घालते. लिव्हरमध्ये दारूचे विघटन होताना पेशीतला एनएडी नावाचा घटक एनएडीएचमध्ये बदलत जातो. त्यांचे प्रमाण बिघडले की लॅक्टेटपासून ग्लुकोज बनवण्याची साखळी तुटते. शरीराच्या दृष्टीने दारू हे विष असल्याने लिव्हर ते आधी निपटते, आणि ते निपटेपर्यंत नवे ग्लुकोज बनवण्याचे काम मंदावलेले राहते. मग सगळा भार ग्लायकोजेनच्या साठ्यावर येतो. नीट जेवलेल्या माणसाचा साठा भरलेला असतो, म्हणून तो तग धरतो. दुपारपासून काही न खाल्लेल्या, दिवसभर धावपळ केलेल्या किंवा कर्बोदके अगदी कमी खाणाऱ्या माणसाचा साठा आधीच उतरलेला असतो. त्याने इन्सुलिन किंवा शुगर पाडणारी गोळी घेतली असेल तर साखर खेचली जात राहते, पण भरून काढणारे कोणी उरत नाही.

हा धोका किती तास राहतो?

शेवटच्या घोटानंतर २४ तासांपर्यंत धरून चाला. लिव्हर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम मद्यार्क निपटते, म्हणजे ६० मिलीच्या एका पेगला दोन तासांहून अधिक लागू शकतात. चार पेग घेतले तर हे काम रात्रभर चालते. नशा उतरली तरी धोका लगेच संपत नाही, कारण रिकामा झालेला ग्लायकोजेनचा साठा भरायला पुढची जेवणे लागतात. टाइप १ असलेल्यांनी संध्याकाळी वाइन घेतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, नाश्त्यानंतरही, शुगर घसरल्याचे अभ्यासात दिसले आहे. त्या रात्री ग्रोथ हार्मोनचे स्रवणेही कमी झाले होते, आणि हे हार्मोन शुगर सावरायला मदत करणाऱ्यांपैकी एक आहे.

कॉफी, गार पाण्याची अंघोळ किंवा उलटी काढणे यांपैकी कशानेही लिव्हरचा वेग वाढत नाही.

मग मी घ्यावी की अजिबात घेऊ नये?

जे पीत नाहीत त्यांनी आरोग्यासाठी म्हणून सुरू करण्याचे कोणतेही कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले की, दारूचे आरोग्याला सुरक्षित म्हणता येईल असे कोणतेही प्रमाण नाही. कर्करोगाशी असलेला तिचा संबंध पूर्वीच सिद्ध झालेला आहे.

मधुमेह ताब्यात असेल, गंभीर गुंतागुंत नसेल आणि अधूनमधून थोडी घ्यायची असेल, तर बहुतेक डॉक्टर सरसकट बंदी घालत नाहीत. अमेरिकन डायबिटीज असोसिएशनची मर्यादा स्त्रियांसाठी दिवसाला एक आणि पुरुषांसाठी दिवसाला दोन प्रमाणित पेये अशी आहे. ही कमाल मर्यादा आहे. इतकी प्यायलीच पाहिजे असे नाही. आठवडाभर न पिता शनिवारी रात्री सगळा 'कोटा' वसूल करणे मधुमेहात सर्वांत वाईट, कारण लिव्हरची कोंडी एका रात्रीत किती होते यावरच शुगरचे पडणे ठरते.

पुढील लोकांनी मात्र एक थेंबही घेऊ नये: गर्भवती, ज्यांना एकदा तरी स्वादुपिंडाचा दाह झाला आहे, ज्यांचे ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक प्रकारची चरबी) ५०० च्या वर आहे, ज्यांना सिरोसिस किंवा हिपॅटायटिस आहे, ज्यांना शुगर उतरल्याची लक्षणे जाणवेनाशी झाली आहेत, आणि ज्यांना पूर्वी दारूचे व्यसन होते. पायांत आग, मुंग्या किंवा बधिरपणा असलेल्यांनीही यात स्वतःला धरावे, कारण दारू स्वतंत्रपणे नसा खराब करते आणि दोन्ही नुकसाने एकमेकांत मिळतात.

एक 'प्रमाणित पेय' म्हणजे ग्लासात नेमके किती?

अमेरिकेत ते १४ ग्रॅम शुद्ध मद्यार्काचे धरतात, ब्रिटनमध्ये एक युनिट ८ ग्रॅमचे. त्यामुळे नुसते 'दोन ड्रिंक' ऐकून उपयोग नाही, ग्रॅम मोजायला शिका. हिशोब असा: मिली गुणिले बाटलीवर लिहिलेली टक्केवारी, भागिले १००, गुणिले ०.७९.

४० टक्क्यांच्या व्हिस्की, रम किंवा व्होडकाच्या ६० मिलीत सुमारे १९ ग्रॅम येतात, ३० मिलीत साडेनऊ. ५ टक्क्यांच्या ३३० मिली बिअरमध्ये १३ ग्रॅम. १२ टक्के वाइनच्या १५० मिलीत १४ ग्रॅम. आणि ८ टक्क्यांच्या ६५० मिली स्ट्राँग बिअरच्या एका बाटलीत ४१ ग्रॅम, म्हणजे ६० मिलीच्या दोन पेगांहून जास्त! 'मी फक्त एक बिअर घेतो' म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

घरी ओतताना मोजण्याचा पेला वापरा. डोळ्यांच्या अंदाजाने ओतलेला पेग बहुधा मोठाच होतो.

बिअर, वाइन, व्हिस्की यांपैकी मधुमेहात कोणती चालते?

शुगर लगेच किती चढेल ते कर्बोदकांवर ठरते, आणि नंतर किती पडेल ते मद्यार्कावर. व्हिस्की, रम, व्होडका, जिन यांत कर्बोदक जवळपास शून्य असते. चढ नाही, पण उतार पुरेपूर. कोरड्या, म्हणजे गोड नसलेल्या, रेड किंवा व्हाइट वाइनच्या १५० मिलीत साधारण ४ ग्रॅम, ३३० मिली साध्या बिअरमध्ये १० ते १३ ग्रॅम. गोड वाइन, लिक्युर आणि सरबत घालून केलेल्या कॉकटेलमध्ये साखर खूप जास्त असते.

खरी साखर बऱ्याचदा मिसळण्याच्या पेयातून येते. ३०० मिली साध्या कोलात ३० ग्रॅमच्या वर साखर असते. टॉनिक वॉटर चवीला कडवट असले तरी त्यात साखर असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. साधा सोडा, पाणी किंवा साखरविरहित पेय मिसळा.

शिवाय मद्यार्काच्या प्रत्येक ग्रॅमला ७ कॅलरी. ६० मिली व्हिस्कीला १३० च्या पुढे, स्ट्राँग बिअरच्या मोठ्या बाटलीला साडेतीनशेच्या वर. वजन कमी करण्याची धडपड चालू असेल तर हा हिशोब सोडून देता येत नाही. त्याबरोबर येणारे तळलेले, खारे खाणे वेगळेच.

'शुगर फ्री' किंवा 'लो कार्ब' बिअर सुरक्षित का नाही?

कारण मद्यार्क तेवढाच असतो, कधी थोडा जास्तही. सुरुवातीची चढ कमी झाल्यामुळे पडण्याची शक्यता उलट वाढते. नॉन-अल्कोहोलिक बिअरमध्ये प्रश्न उलटा आहे: मद्यार्क ०.५ टक्क्यापर्यंत असू शकतो, पण साखर साध्या बिअरपेक्षा जास्त असू शकते. लेबलवरचा कर्बोदकांचा आकडा वाचा.

माझ्या गोळ्यांबरोबर दारू चालते का?

हे गोळीच्या नावावर अवलंबून आहे. चिठ्ठी हातात घेऊन वाचा.

इन्सुलिन, आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गटातल्या गोळ्या: सर्वांत जास्त काळजी इथे. या गोळ्या रक्तात साखर कितीही असली तरी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. लिव्हर अडकलेले असताना हे चालू राहिले तर शुगर झपाट्याने पडते. ग्लिबेनक्लामाइडचा परिणाम लांबतो, म्हणून वयस्कर आणि किडनीचा त्रास असलेल्यांना त्याचा धोका अधिक. रेपाग्लिनाइडचेही तसेच, पण त्याचा परिणाम थोड्या वेळाचा असतो. बऱ्याच एकत्रित गोळ्यांत मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड असते आणि रुग्ण सांगतो, 'मी फक्त मेटफॉर्मिन घेतो.' पाकिटावरची पूर्ण नावे वाचा.

मेटफॉर्मिन एकटे: याने शुगर सहसा फार खाली जात नाही. धोका लॅक्टिक ॲसिडोसिसचा, म्हणजे रक्तात लॅक्टिक आम्ल साचण्याचा. दारूही लिव्हरला लॅक्टेट वापरू देत नाही, त्यामुळे एकाच वेळी खूप पिणे, किंवा लिव्हर-किडनी कमजोर असणे, यांत हा धोका वाढतो. किडनीच्या कामाचा ईजीएफआर हा आकडा ३० च्या खाली असेल तर मेटफॉर्मिन मुळातच देत नाहीत. सतत उलटी, पोटात तीव्र दुखणे, खोल-जलद श्वास आणि कमालीची गळून गेल्यासारखी अवस्था असेल तर ताबडतोब रुग्णालय.

डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन: या गोळ्या लघवीतून साखर आणि पाणी बाहेर टाकतात. दारूही लघवी वाढवते, म्हणून शरीर सुकते. जास्त पिणे, न खाणे आणि ही गोळी असा योग जुळला की कीटोॲसिडोसिस, म्हणजे रक्तात कीटोन नावाची आम्ले साचण्याचा प्रकार, होऊ शकतो, आणि फसवी बाब अशी की त्या वेळी शुगर २५० च्या खालीही असू शकते. अन्न पोटात टिकत नसेल तर गोळी थांबवून डॉक्टरांना फोन करा.

लिराग्लुटाइड, सेमाग्लुटाइड अशी इंजेक्शने: मळमळ आणि उलटी वाढू शकते. स्वादुपिंडाचा दाह पूर्वी झाला असेल तर दारू नकोच. सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन या गोळ्यांचीही हीच खबरदारी.

रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर चालू असेल तर शुगर उतरताना हात थरथरणे व छाती धडधडणे दबते. घाम मात्र येतो. ॲकार्बोज किंवा वोग्लिबोज या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी शुगर पडल्यास घरातली साखर वापरू नये, ती पचायला उशीर लागतो. ग्लुकोज पावडरच हवी. आणि पोटाच्या किंवा दातांच्या संसर्गासाठी मेट्रोनिडाझोल चालू असेल तर ते संपून तीन दिवस होईपर्यंत दारू टाळा.

'आज पिणार आहे, म्हणून गोळी किंवा इन्सुलिन घेतले नाही' हे बरोबर का?

नाही. ही सवय फार पसरलेली आहे, आणि ती वेगवेगळ्या दिशांनी घात करते. टाइप १ मध्ये रात्रीचे लांब पल्ल्याचे इन्सुलिन पूर्ण सोडले तर सकाळपर्यंत कीटोन वाढून उलट्या सुरू होऊ शकतात, आणि घरच्यांना त्या हँगओव्हरच्या वाटतात. टाइप २ मध्ये रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि मधुमेह या सगळ्याच गोळ्या त्या दिवशी टाळल्या जातात. महिन्यात आठ दिवस असे झाले की उपचाराचा चौथा हिस्सा गेलाच. दारूच्या दिवशी कोणती गोळी घ्यायची, कोणती कमी करायची आणि रात्रीच्या इन्सुलिनचा डोस किती ठेवायचा, हे डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्या. विचारायला संकोचू नका. नुसत्या साखरेच्या आकड्यांवरून त्यांना हे कळू शकत नाही.

दारूतल्या कर्बोदकांसाठी इन्सुलिन घ्यावे का?

व्हिस्की, व्होडका, कोरड्या वाइनसाठी नाही. मोठी बिअर किंवा गोड कॉकटेल असेल आणि तुम्ही कर्बोदके मोजून इन्सुलिन घेत असाल, तर कमी प्रमाणात घ्यायचे की मुळीच नाही, ते आपल्या अनुभवातून आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवा. एक नियम मात्र पक्का ठेवा: दारू प्यायल्यावर झोपण्यापूर्वीची उंच शुगर उतरवण्यासाठी जादा डोस घेऊ नका. ती काही तासांनी आपोआप खाली येणार असते.

जेवणाचे इन्सुलिन टोचून मग भरपूर पिणे आणि नंतर उलटी होणे, हा सर्वांत वाईट क्रम. इन्सुलिन अंगात, अन्न बाहेर, आणि लिव्हर दारूत गुंतलेले.

घ्यायचीच असेल तर दिवस कसा आखावा?

पिण्याआधी शुगर तपासा. १०० च्या खाली असेल तर आधी खा. ७० च्या खाली असेल तर ती सावरून त्या दिवशी न घेणे शहाणपणाचे. रिकाम्या पोटी पहिला घोट घेऊ नका. ज्यात कर्बोदक, प्रथिने आणि थोडी चरबी तिन्ही आहेत असे पूर्ण जेवण आधी किंवा सोबत घ्या. नुसत्या तळलेल्या, खाऱ्या खाण्यावर भागवले तर ग्लायकोजेनचा साठा टिकत नाही.

पिताना प्रत्येक पेगनंतर एक ग्लास पाणी, आणि एका तासात एकापेक्षा जास्त नको. सोबत कोणाला तरी मधुमेह माहीत असला पाहिजे, आणि त्यांना तुमच्या खिशात ग्लुकोज कुठे आहे तेही. ओळखपत्राजवळ 'मला मधुमेह आहे, इन्सुलिन घेतो' अशी चिठ्ठी किंवा हातात पट्टी असावी. शुगर तपासण्यापूर्वी बोटे साबणाने धुवा: कोल्ड्रिंक किंवा फळांच्या रसाचा थेंब लागलेल्या बोटाने खोटी उंच शुगर दिसते, आणि स्पिरिटचा कापूस वाळायच्या आत टोचले तर आकडा चुकतो.

झोपण्यापूर्वी पुन्हा तपासा. इन्सुलिन किंवा शुगर पाडणारी गोळी घेणाऱ्याची शुगर १०० ते १४० च्या आसपास असेल तर १५ ते २० ग्रॅम कर्बोदकाचा हलका खाऊ खाऊनच झोपा. पहाटे तीन-चारचा गजर लावा आणि एकदा तपासा. हे अवघड वाटत असेल तर त्या रात्री एकट्याने झोपू नका. सकाळी उठल्यावर पुन्हा तपासा, नाश्ता टाळू नका आणि गाडी चालवण्याआधी नक्की बघा.

त्या दिवशी नाच, लांब चालणे किंवा व्यायाम झाला असेल तर सगळे आणखी जपून. स्नायू साखर ओढतात, लिव्हर सोडत नाही. उपवासाच्या दिवशी दारू घेणे टाळा.

नशा चढली आहे की शुगर उतरली आहे, कसे ओळखायचे?

बघून ओळखता येत नाही, हेच खरे उत्तर. जीभ अडखळणे, तोल जाणे, असंबद्ध बोलणे, चिडचिड, पेंगुळणे दोन्हींत दिसते. थंड घाम आणि हातापायांची थरथर शुगर उतरण्याकडे झुकते, पण नसली म्हणून शुगर ठीक आहे असे नाही. तोंडाला वास येतो म्हणून लोक 'झोपू द्या, उतरेल' म्हणतात आणि माणूस बेशुद्धीत जातो. म्हणून मधुमेही व्यक्ती प्यायलेली असेल आणि वेगळी वागत असेल तर पहिले काम मीटर. मीटर नसेल तर शुगर उतरली आहे असे समजूनच वागा. थोडी जादा साखर गेल्याने होणारे नुकसान तुलनेने काहीच नाही.

शुगर ७० च्या खाली गेली तर काय करायचे?

शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल, तर १५ ग्रॅम झटपट साखर: तीन ते चार चहाचे चमचे साखर किंवा तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात, किंवा १५० मिली साधे कोल्ड्रिंक वा फळांचा रस. साखरविरहित कोल्ड्रिंक नाही. चॉकलेटही नको, त्यातल्या चरबीमुळे उशीर होतो. पंधरा मिनिटांनी तपासा, ७० च्या वर नसेल तर पुन्हा तेवढेच द्या. वर आल्यावर थांबू नका, पोळी, भात किंवा बिस्किटांसारखे काहीतरी खायला द्या, कारण दारूमुळे पडलेली शुगर पुन्हा पडते. पुढचे काही तास दर तासाला तपासा.

५४ च्या खालची शुगर गंभीर. त्या रात्री माणसाला एकटे सोडू नका.

शुद्ध हरपली असेल, झटके येत असतील किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही, आणि रुग्णवाहिका बोलवा. फोनवर स्पष्ट सांगा: मधुमेह आहे, इन्सुलिन किंवा अमुक गोळी घेतो, दारू घेतली आहे. रोज खूप पिणारा असेल तर तेही सांगा, कारण रुग्णालयात ग्लुकोजबरोबर बी१ जीवनसत्त्वही द्यावे लागते.

घरी ग्लुकागॉनचे इंजेक्शन आहे. ते चालेल?

द्या, पण त्यावर पूर्ण विसंबू नका. ग्लुकागॉन लिव्हरमधल्या साठ्यातून साखर काढते. दारू आणि उपाशीपोट यांनी साठाच रिकामा झाला असेल तर काढायला काही नसते, आणि इंजेक्शन कमी काम करते. रुग्णवाहिका आधी बोलवा, मग इंजेक्शन.

माझ्याकडे शुगरचा सेन्सर आहे, मग भीती कसली?

सेन्सर ओरडतो, पण दारूच्या झोपेत तो ऐकू येत नाही. कमी शुगरचा इशारा त्या रात्रीपुरता ८० किंवा ९० वर ठेवा, फोन आवाज चालू करून उशाशी ठेवा, आणि सेन्सरची माहिती घरातल्या दुसऱ्या माणसाच्या फोनवरही पोहोचेल अशी सोय करा.

दुसऱ्या दिवशी सतत उलट्या होत आहेत. हँगओव्हर समजू का?

मधुमेहात आधी कीटोन तपासा, मग हँगओव्हर म्हणा. रक्तातले कीटोन (मिलिमोल प्रति लिटर या मापात) ०.६ च्या खाली असतील तर ठीक, १.५ च्या वर गेले तर लगेच डॉक्टर. ३ किंवा वर गेले तर थेट रुग्णालय. लघवीच्या पट्टीवर पूर्ण भरवसा ठेवू नका. दारूमुळे होणाऱ्या कीटोॲसिडोसिसमध्ये पट्टी ज्या कीटोनला रंग दाखवते त्यापेक्षा दुसरा कीटोन कितीतरी जास्त असतो, म्हणून पट्टी फिकी दिसते आणि माणूस खूप आजारी असतो. शुगर सामान्य असली तरीही हे होऊ शकते, विशेषतः दोन-तीन दिवस सतत प्यायल्यावर आणि काही न खाल्ल्यावर.

रोजच्या पिण्याने दीर्घकाळात मधुमेह कसा बिघडतो?

ट्रायग्लिसराइड वाढते. ते १,००० च्या पुढे गेले तर स्वादुपिंडाचा तीव्र दाह होऊ शकतो, आणि मधुमेहात ते आधीच वर असते. दाह वारंवार झाला तर स्वादुपिंडाची इन्सुलिन बनवणारी आणि ग्लुकागॉन बनवणारी, दोन्ही प्रकारची पेशी संपतात. अशा माणसाला साखर चढतेही पटकन आणि पडतेही पटकन, आणि सावरणारे ग्लुकागॉन नसल्याने ती पडली की खोल जाते. या प्रकारचा मधुमेह सांभाळणे फार कठीण असते.

लिव्हरवर आधीच चरबी असलेल्यांत दारूने नुकसान वेगाने होते. रक्तदाब वाढतो, त्याचा भार डोळ्यांच्या पडद्यावर आणि किडनीवर येतो. पुरुषांमध्ये लैंगिक दुर्बलता मधुमेहाने असते, त्यात दारूची भर पडते. पायांच्या नसांबद्दल वर सांगितलेच आहे. त्यात मेटफॉर्मिनमुळे बी१२ आणि दारूमुळे बी१ कमी असेल तर दुखणे आणखी वाढते. बी१२ दरवर्षी तपासून घ्या.

रेड वाइन हृदयाला चांगली असते ना?

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इस्रायलमधल्या एका अभ्यासात, टाइप २ असलेल्या २२४ जणांना दोन वर्षे जेवणाबरोबर १५० मिली रेड वाइन, व्हाइट वाइन किंवा मिनरल वॉटर दिले गेले. रेड वाइनच्या गटात चांगले कोलेस्टेरॉल थोडे वाढले. पण हे आधी मुळीच न पिणारे, आहाराची शिस्त पाळणारे, मोजून एकच ग्लास घेणारे लोक होते. त्यातून 'रोज पेग घ्या' असा अर्थ निघत नाही. चांगले कोलेस्टेरॉल एवढेच वाढवायचे असेल तर चालणे अधिक भरवशाचे.

माझा एचबीए१सी चांगला येतो. म्हणजे दारू मला सोसते?

तसे नाही. हा आकडा दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतो, त्यात पहाटेच्या घसरणी आणि रात्रीच्या चढ मिसळून जातात. शिवाय लिव्हर खराब झाल्यास लाल पेशी लवकर मरतात आणि एचबीए१सी खोटा कमी दिसतो. ज्यांचे पिणे जास्त आहे त्यांनी उपाशीपोटीची आणि पहाटेची शुगर, ट्रायग्लिसराइड आणि लिव्हरच्या तपासण्याही पाहाव्यात.

गरोदरपणातल्या मधुमेहात एखादा ग्लास चालतो का?

नाही. बाळासाठी दारूचे कोणतेही सुरक्षित प्रमाण माहीत नाही, मधुमेह असो वा नसो.

रोज खूप पितो. मधुमेह निघाला, आता एकदम बंद करू?

एकट्याने, अचानक नाही. शरीराला दारूची सवय झालेली असेल तर बंद केल्यावर ६ ते ४८ तासांत झटके येऊ शकतात, आणि दोन ते चार दिवसांत भ्रम, ताप व तीव्र अस्वस्थता. हात थरथरणे, घाम, धडधड ही त्याची लक्षणे शुगर उतरल्यासारखीच दिसतात. त्या दिवसांत लक्षण दिसले की मीटर लावा, अंदाज करू नका. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधांच्या आधाराने हे काही दिवसांत सुरक्षितपणे होते.

दारू सुटल्यावर भूक परत येते, खाणे वाढते, लिव्हर पुन्हा साखर बनवू लागते. त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत शुगर वर जाऊ शकते आणि औषधाचा जुना डोस कमी पडू शकतो. म्हणून या काळात दिवसाला तीन-चारदा तपासा, आकडे वहीत लिहा आणि पंधरा दिवसांनी डॉक्टरांना दाखवून डोस नव्याने बसवून घ्या.